फणसापुढचा ठिपका

मी एक जुनी दौत आहे. पितळेची, बुटकी, मोठ्या लिंबाएवढी आणि पोटाने थोडी सुटलेली. झाकणाला बिजागरी आहे आणि कमरेला टांगण्यासाठी दोन कड्या आहेत. मित्रांनो, मी जन्मले दूर पश्चिमेच्या फेझ शहरातल्या तांबटांच्या चौकात, पण माझ्या आयुष्यातले दोन पावसाळे तुमच्या चौल बंदरात गेले. तुमची बोली मी तिथे ऐकली आणि ती माझ्या पोटात राहून गेली. त्यामुळे माझी हकीगत सांगायला मला दुभाष्या लागत नाही.

आमच्या चौकात दिवसभर हातोड्यांचा असा गजर चालतो, की तिथली माणसे घरी जेवतानाही ओरडूनच मीठ मागतात. यद्दर नावाच्या उस्तादांनी मला घडवले. माझ्या पोटावर त्यांनी वेल कोरायला घेतली. वेल फिरून जिथे स्वतःलाच मिळायला हवी होती, तिथे ती मिळाली नाही. दोन बोटांचे अंतर राहिले. उस्तादांनी जरा वेळ दाढी खाजवली आणि त्या जागेत एक पक्षी कोरून टाकला. त्याला कोणी बदक म्हणते, कोणी मोर. खरे तर तो चुकीवरचे पांघरूण आहे. पण आजवर मला हातात घेणाऱ्या प्रत्येकाने त्या पक्ष्याचेच कौतुक केले, आणि खोटे कशाला बोलू, मलाही ते आवडत गेले.

मला विकत घेतले तामू नावाच्या तरुणीने. चामडे कमावणाऱ्याची ती मुलगी रेशीम कातायची. तिचा धाकटा भाऊ मैमून मक्केच्या यात्रेला निघाला होता. बावीस वर्षांचा, उंच, आणि कुठल्याही अनोळखी माणसाशी घटकाभर बोलल्याशिवाय पुढे न जाणारा. तामूने आपल्या चातीवरचे कच्चे रेशीम काढून त्याचा बोळा माझ्या पोटात बसवला. आमच्याकडे दौतीत असा बोळा घालतात. तो शाई धरून ठेवतो, दौत आडवी झाली तरी सांडू देत नाही, आणि बोरूला हवी तेवढीच शाई देतो.

"रोज लिही," तामू त्याला म्हणाली. "आलास की मला वाचून दाखव. मी काही हे गाव सोडून कुठे जायची नाही, तेव्हा मला सगळं हवंय."

"सगळं आणतो, लाल्ला," मैमून म्हणाला. मोठ्या बहिणीला आमच्याकडे लाल्ला म्हणतात.

"आणि बघशील तेच लिही. आपल्या घरात कातडी कमावतात, थापा मारत नाहीत."

मैमून दोन वर्षांत परत यायचा होता. त्याला चोवीस लागली.

त्यात त्याचा फार दोष नव्हता. मक्केला पोहोचल्यावर त्याला कोणीतरी सांगितले की एडनचे बंदर बघण्यासारखे आहे. एडनला कोणी म्हणाले, इथवर आलास तर होर्मूझ काय दूर आहे. असे करत करत तो पुढेच जात राहिला. त्याच्या कमरेला मी होते. काहिराची मायफळ आणि हिराकस घातलेली शाई मी प्यायले, होर्मूझची खारट शाई प्यायले, तुमच्या किनाऱ्यावर काजळी आणि बाभळीच्या डिंकाची शाई प्यायले. ही शेवटची मला सर्वांत मानवली.

मैमून रोज लिहायचा. त्याच्या लिखाणात राक्षस नव्हते की सोन्याचे डोंगर नव्हते. कोणत्या गावात पाहुण्याला आधी पाणी देतात आणि कोणत्या गावात आधी नाव विचारतात, विहिरीचा दोर कशाचा करतात, मेलेल्या माणसासाठी किती दिवस रडतात, असल्या गोष्टी तो लिहायचा. मला कधी कधी कंटाळा यायचा. मनात यायचे, अरे, एखादा राक्षस घाल की. पण दौतीला कोण विचारतो?

चौलला जहाजे पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असत. तिथे एका नाखव्याच्या घरी आम्ही राहिलो. जेठातल्या एका दुपारी त्या घरच्या म्हातारीने अंगणात काहीतरी काटेरी, हिरवे, भले थोरले आणून आपटले. मैमूनला आधी वाटले, जनावर आहे. म्हातारीने हाताला खोबरेल चोळले, विळी घेतली आणि ते चिरले. मैमूनला तेल लावायचे कोणी सांगितले नाही, किंवा सांगितले असेल तरी वासापुढे त्याला ते ऐकू गेले नाही. त्याने दोन्ही हात आत घातले. पुढचे तुम्हाला माहीत आहे. गरे खाऊन झाल्यावर, आठवणीत आहे तोवर लिहून घ्यावे म्हणून त्याने त्याच हातांनी मला धरले. तीन दिवस माझे झाकण उघडले नाही. म्हातारी हसून हसून खांबाला टेकून बसली. शेवटी तिनेच तेल चोळून झाकण सोडवले, पण बिजागरीत गेलेला चीक काही निघाला नाही. तो आजही तिथेच आहे.

परतीच्या वाटेवर, मलबारच्या पुढे, चाच्यांनी आमचे जहाज धरले. त्यांनी मैमूनचे कपडे नेले, बिछाना नेला, आणि कागदांचे बासन निरुपयोगी म्हणून समुद्रात फेकले. बावीस वर्षांचे लिखाण होते ते. एका दांडग्या चाच्याला माझ्यात अत्तर असेल असे वाटले. त्याने बोट बुडवले आणि ऐटीत आपल्या पांढऱ्या मिशांना चोळले. एक मिशी कोळशासारखी काळी झाली. त्याचे सोबती इतके हसले की त्याने चिडून मला मैमूनच्या डोक्यात फेकून मारले. तेव्हा माझी एक कडी तुटली, पण मी वाचले. कागद मात्र गेले. पुढे दोन वर्षे मिळेल त्या जहाजाने आणि मिळेल त्या काफिल्याबरोबर आम्ही घराकडे येत राहिलो.

फेझला पोहोचलो तेव्हा सकाळ होती. तामूचे केस पांढरे झाले होते आणि हात कोपरापर्यंत पिठात होते. दारात उभ्या असलेल्या दाढीवाल्या माणसाकडे तिने पाहिले.

"लाल्ला, मी आलो."

"दार लाव," ती म्हणाली. "कोंबड्या बाहेर जातील."

मग ती भिंतीकडे तोंड करून खूप वेळ रडली. रडून झाल्यावर तिने पिठाच्याच हाताने तोंड पुसले आणि विचारले, "कागद कुठायत?"

"समुद्रात."

"आणि ही दौत?"

"ही वाचली."

"म्हणजे भांडं आणलंस आणि जेवण विसरलास," तामू म्हणाली. पण तिने मला हातातून खाली ठेवले नाही. दुसऱ्या दिवशी माझा जुना बोळा काढून तिने नव्या रेशमाचा घातला.

आठवडाभर आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जो येई तो मैमूनला आधी एकच प्रश्न विचारी. हिंदात बोलणाऱ्या फळांचे झाड पाहिलेस का? मित्रांनो, आमच्या शहरात हे झाड प्रत्येकाला माहीत आहे. त्याच्या फांद्यांना माणसांच्या डोक्यांसारखी फळे लागतात, वारा आला की ती बोलतात आणि पिकून पडताना किंकाळी फोडतात. प्रत्येकाच्या आजीने हे सांगितलेले असते. हिंदात जाऊन ते झाड न पाहणे म्हणजे विहिरीवर जाऊन पाणी न पाहण्यासारखेच.

"नाही पाहिलं," मैमून खरे तेच सांगायचा. समोरचा चेहरा पडायचा. मग पाहुण्याचे मन राखायला तो म्हणायचा, "पण एक फळ पाहिलं. फणस म्हणतात. झाडाच्या बुंध्यालाच लागतं, मेंढीएवढं. अंगावर काटे आणि आत मधासारखे गरे."

लोक पोट धरून हसायचे. बोलणारी डोकी त्यांना पटत होती, पण फणस पटत नव्हता. "मेंढी झाडाला लागते म्हणे. मग लोकर कोण काढतं, माळी?" समोरचा मनुकेवाला म्हणायचा. महिन्याभरात त्याचे नाव 'मेंढीवाला मैमून' पडले. पोरे त्याच्यामागे बें-बें करत फिरू लागली आणि पोरांचे बाप त्यांना आवरत नव्हते.

यात तामूही मागे नव्हती. एकदा मला राखेने घासताना ती म्हणाली, "बिजागरीत हे काय अडकलंय? मेलं निघता निघत नाही."

"तोच तो, लाल्ला. फणसाचा चीक."

"हो, आणि मी सुलतानाची आई."

तिने ते थट्टेत म्हटले, पण मैमूनचा चेहरा मी पाहिला. त्या दिवसापासून तो चौकात जाईनासा झाला. अनोळखी माणसाशी घटकाभर बोलणारा हा माणूस आता ओळखीच्यांशीही बोलेना. चोवीस वर्षे त्याने जग पाहिले ते घरी येऊन सांगण्यासाठी. आणि घरचेच लोक ऐकत नव्हते. त्याच्यासाठी मला फार वाईट वाटले. तामूलाही वाटले असावे, कारण तिने फणसाचे नाव काढणे सोडले, फक्त माझी बिजागरी मात्र रोज घासत राहिली. घाण म्हटली की तिला चैन पडत नसे.

आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत एक ग्रंथांची खोली होती. तिची किल्ली फकीह वानूदीन यांच्याकडे असे. हे धर्मशास्त्र जाणणारे म्हातारे फार कडक होते. त्यांनी एके दिवशी मैमूनला बोलावून घेतले.

"लोक तुला थापाड्या म्हणतात," ते म्हणाले. "मी अजून काही म्हणत नाही. तू आठवेल ते सांग, कोणाकडून तरी लिहून घे, आणि मग रीतीप्रमाणे सर्वांसमोर वाचन होऊ दे. ठिपके पडले तर ग्रंथ खोलीत राहील आणि जगात त्याच्या नकला जातील. नाही पडले तर मीही तुला थापाड्या म्हणेन."

ही रीत तुम्हाला सांगायला हवी. लेखनिक प्रत्येक मजकुराच्या शेवटी एक छोटे रिकामे वर्तुळ काढून ठेवतो. ग्रंथ पुरा झाला की तो सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा. प्रत्येक वर्तुळापाशी थांबायचे. ज्याचा तो अनुभव, त्याने "खरं आहे" म्हणायचे. मग लेखनिक बोरू दौतीत बुडवून त्या वर्तुळात ठिपका देतो. ठिपका म्हणजे माणसाचा शब्द. तो एकदा पडला की पुढे कोणी खोडायचा नाही.

लेखनिक मिळाला जय्यान. त्याच्या अक्षराकडे पाहून लोक वाचायचे विसरत. मनाने चांगला होता आणि अदबीचा तर कहर होता. त्याच्या घरी पाहुणा उठायला लागला की तो चार वेळा बसवायचा. एकदा अशाने पाहुण्याच्या मुलीचे लग्न पाहुण्यावाचून लागले म्हणतात.

चार महिने आमच्या अंगणात लेखन चालले. मैमून आठवून सांगायचा, जय्यान लिहायचा, आणि तामू कोपऱ्यात कुसकुसची रव्यासारखी कणी वळत मध्ये बोलायची.

"एडनला पाणी कुठून आणतात?"

"डोंगरातल्या टाक्यांतून, लाल्ला."

"बायका आणतात की पुरुष?"

"उंट."

"शहाणं गाव आहे."

मैमून पुन्हा हसू लागला, आणि मीही खुलले. चोवीस वर्षांत जेवढी शाई दिली नसेल तेवढी मी त्या चार महिन्यांत दिली. समुद्रात गेलेले सगळे एक एक करून माझ्यातून परत वर येत होते. फणसाची पाळी आली तेव्हा जय्यान घुटमळला. आमच्याकडे मोठ्या माणसाला आदराने सीदी म्हणतात.

"सीदी, हे गाळायचं का? म्हणजे आपलं, लोक..."

"लिही."

त्याने लिहिले. शेवटचे पान झाल्यावर सुबक प्रत करायला जय्यान सगळे कागद आपल्या घरी घेऊन गेला. मला तामूने घासायला ठेवून घेतले, त्यामुळे तिथे काय झाले ते मला कळले नाही.

वाचन मशिदीच्या अंगणात, तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर ठरले. तीन दिवस. मोहल्ला लोटला होता. पुरुष पुढे, बायका मागच्या खांबांपाशी. मध्ये चटईवर जय्यान, शेजारी मी, समोर मैमून आणि बाजूला फकीह. पहिला दिवस सुरळीत गेला. काहिरा, मक्का, एडन. "खरं आहे," "खरं आहे," आणि ठिपक्यामागून ठिपका. दुसऱ्या दिवशी चौल आले आणि फणस आला. मागून कोणीतरी हळूच बें केले. सगळे अंगण हसले.

फकीह हसले नाहीत. "मैमून, विचार करून सांग. मेंढीएवढं?"

"लहान मेंढी, सीदी."

"आणि बुंध्याला?"

"बुंध्याला. कधी कधी मुळालासुद्धा."

"मुळाला हे मी विचारलं नव्हतं," फकीह म्हणाले. "बरं. शब्द तुझा."

"खरं आहे," मैमून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. जय्यानने ठिपका दिला.

"एक ठिपका खोटा असला तरी मी ग्रंथ आत घेत नाही," फकीह उठताना म्हणाले. "उद्या ठरवू."

तिसऱ्या दिवशी जय्यानने नवा पांढरा झगा घातला होता. मलबार झाले. मग त्याने घसा साफ केला आणि वाचू लागला, "त्या देशाच्या टोकाला मी एक झाड पाहिले. त्याची फळे माणसांच्या मुखासारखी होती. वारा आला की ती बोलत..."

मैमूनने झटकन मान वर केली. हा मजकूर त्याने सांगितलेला नव्हता. मला तर खात्रीच होती, त्याचा प्रत्येक शब्द माझ्या पोटातून गेला होता.

पण मित्रांनो, ते अंगण काय झाले म्हणून सांगू. लोक गुडघ्यांवर उठून बसले. म्हातारे एकमेकांना ढोसत होते, बघ, होतं ना, आजी सांगायची ना. मनुकेवाला पुढे सरकत आला, त्याने मैमूनच्या ओंजळीत मूठभर मनुका ओतल्या आणि म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस, बाबा? उगाच तुला बोललो." खुद्द फकीह वानूदीन पुढे झुकले होते. त्यांच्याही आजीने सांगितले असणार. त्यांच्या तोंडावर हसू मी पहिल्यांदाच पाहिले.

जय्यान वर्तुळापाशी थांबला. त्याने बोरू माझ्यात बुडवला आणि वर्तुळावर धरला. आता फक्त दोन शब्द हवे होते. ते म्हटले की ग्रंथ आत, बें-बें बंद, आणि चोवीस वर्षे वाया गेली नाहीत.

मी कबूल करते. मला वाटत होते, म्हण रे बाबा. एक पक्षी चुकीवर कोरला तर काय बिघडते? माझ्याकडे बघ, सगळे कौतुकच करतात.

मैमूनने माझ्याकडे पाहिलेही. बोरूच्या टोकाला थेंब जमला, फुगला, लोंबला. मैमूनने मनुका हळूच चटईवर ठेवल्या.

"पुढे वाच," तो म्हणाला.

"सीदी, ठिपका..."

"पुढे वाच, बाळा."

जय्यानने हात बाजूला घेतला, आणि तो थेंब त्याच्या नव्या झग्यावर पडला. वर्तुळ तसेच राहिले.

"मैमून," फकीह म्हणाले, "हे खरं आहे की नाही?"

"मला माहीत नाही, सीदी. असेलही. मी पाहिलं नाही, आणि मी ते सांगितलंही नाही."

जय्यान रडवेला झाला. "मी घातलं, सीदी. मला वाटलं, तुम्ही विसरलात. हिंदचा ग्रंथ आणि त्यात झाड नाही, असं कसं होईल? आणि मोठ्या माणसाला विसरलात म्हणायचं कसं? म्हणून गुपचूप... पाहुण्याच्या ताटात मीठ वाढायचं राहिलं तर आपण वाढतोच की."

अंगणात एकच गलका झाला. मनुकेवाल्याने आपल्या मनुका परत उचलल्या. "लेखनिकानं एक घातलं, मग बाकीचं कोणी घातलं?" "फेका तो ग्रंथ." "अरे, मेंढी तरी ह्याची का त्याची?" फकीहांचा हात ग्रंथ मिटायला पुढे झाला होता. मैमून खाली मान घालून बसला.

तेव्हा मागच्या खांबांपाशी तामू उभी राहिली.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. तांबटांच्या चौकाशेजारी राहणाऱ्या बाईला तो चढवावा लागत नाही. "मी ह्याची बहीण. त्या मेंढीला तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त मी हसलेय, विचारा त्याला. पण आत्ता काय झालं ते पाहिलंत का? ह्या झाडाला हो म्हटला असता तर तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन घरी पोचवला असता. त्यानं नाही म्हटलं. आणि त्या फणसानं त्याला काय दिलं? पोरं मागं लागली. ज्याला थाप मारायचीय तो गोड थाप मारतो. असली, स्वतःचंच हसं करणारी, कोण मारतो?"

पुढे बसलेल्यांनी माना वळवून मागे पाहिले.

"आणि दुसरं," तामू म्हणाली. "त्या दौतीची बिजागरी बघा. इतके महिने रोज घासतेय. राख झाली, वाळू झाली, लिंबू झालं. तो म्हणतो, फणसाचा चीक. मी म्हटलं, चल. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडच्या कुठल्या झाडाला असला चीक येतो?"

मग मला उचलले गेले. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत थोर दिवस. मी सगळ्या अंगणातून हातोहात फिरले, आणि पहिल्यांदाच कोणी पक्ष्याकडे बघत नव्हते. सगळे माझ्या बिजागरीतली घाण बघत होते. एका रंगाऱ्याने ती नखाने टोकरली, हुंगली, दाताखाली धरली. "अंजिराचा नाही," तो म्हणाला. "राळ नाही. डिंक तर नाहीच, डिंक पाण्यात गेला असता. हातभर रंगात माझा जन्म गेला, पण हे काय आहे ते मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही?" मनुकेवाला म्हणाला. रंगाऱ्याला काहीतरी माहीत नसणे ही आमच्या मोहल्ल्यात मोठी गोष्ट होती.

मी शेवटी फकीह वानूदीन यांच्या हातात आले. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळले आणि मग जय्यानच्या समोर ठेवले.

"झाडाचं पान फाडू नकोस," ते म्हणाले. "लोकांना ते आवडतं, मलाही आवडतं. वर लिही, हे ऐकीव आहे. आणि वर्तुळ रिकामं ठेव. जो कोणी नक्कल करेल त्यानंही ते रिकामंच ठेवायचं. ज्या ग्रंथात हे एक वर्तुळ रिकामं आहे, त्यातल्या बाकीच्या ठिपक्यांवर माझा विश्वास बसतो." मग त्यांनी विचारले, "मैमून, ते गरे... मधासारखे म्हणजे आपल्या डोंगरातल्या मधासारखे?"

"त्याहून गोड, सीदी," मैमून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि तो हसत होता. "पण आधी हाताला तेल लावावं लागतं."

वाचन संपले की ग्रंथाच्या शेवटी ऐकणाऱ्यांची नावे लिहितात. जय्यानने विचारले, पहिले नाव कोणाचे. फकीहांनी मागच्या खांबांकडे बोट केले. जय्यानने तामूचे नाव लिहिले. तिने तिथूनच सांगितले, "त्याच्यापुढे हेही लिही, की हिनं आधी फार हसून घेतलं." तेही लिहिले गेले आणि त्यापुढे तिने स्वतः "खरं आहे" म्हटले.

मैमून त्यानंतर अकरा वर्षे जगला आणि रोज चौकात जाऊन बसला. पोरे बें-बें करतच राहिली, पण आता ती गोष्ट सांग म्हणून करत. तो गेल्यावर तामूने मला जय्यानला देऊन टाकले. ग्रंथाच्या नकला झाल्या, त्या दूरदूरच्या शहरांत गेल्या. जय्यानच्या घरी झालेली प्रत्येक नक्कल मी पाहिली आहे. त्या प्रत्येकीत झाडापुढचे वर्तुळ रिकामे आहे.

मग दिवस पालटले. बोरू गेले, काचेच्या बाटल्या आल्या. मी काही पिढ्या सुरमा सांभाळला, काही पिढ्या लवंगा. एकदा तर मी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्यात बसले होते. हल्ली मी जय्यानच्या वंशजांच्या घरी एका फळीवर असते. पाहुणे मला उचलतात, पक्षी छान आहे म्हणतात आणि ठेवतात. पोटातला बोळा सुकून खडा झाला आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी कोपऱ्यात पडले असेल तर त्याला अधूनमधून हात लावा. घासा, पण फार घासू नका. जी घाण निघत नाही, तिच्यामागे कदाचित काही गोष्ट असते.

आता रीतीप्रमाणे माझेही वाचन झाले, तेव्हा ठिपके द्यायला हवेत. तामूचे रेशीम, खरे आहे. चौलची म्हातारी आणि तिचे तेल, खरे आहे. जय्यानच्या झग्यावरचा डाग, खरे आहे. तो धुतला गेला नाही आणि त्याने पुढे तो झगा दर ईदेला मुद्दाम घातला. पाहुण्याच्या मुलीचे लग्न, मी "म्हणतात" असे म्हटलेच होते. राहता राहिला तो चाचा आणि त्याची काळी मिशी. ही गोष्ट मी सातशे वर्षे सांगत आले आहे आणि माझी ती फार लाडकी आहे. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी माझे झाकण घट्ट बंद होते आणि मी मैमूनच्या कमरबंदात खोल दडलेली होते. बाहेर कोणीतरी मोठ्याने हसले, एवढेच मी ऐकले.

तिथले वर्तुळ रिकामे ठेवा.